भाव कोणाच्या घरात जातो

२००३ साली जागतिक बँकेच्या अर्थतज्ज्ञांनी एक हिशेब मांडला. शेतमालासकट जगातला सगळा वस्तुव्यापार खुला झाला, आयातशुल्कं आणि अनुदानं हटली, तर २०१५पर्यंत जगाचं उत्पन्न वर्षाला ८३२ अब्ज डॉलरनी वाढेल आणि त्यातले ५३९ अब्ज विकसनशील देशांच्या वाट्याला येतील. जागतिक व्यापार खुला करण्यासाठीच्या दोहा फेरीच्या वाटाघाटी तेव्हा ऐन भरात होत्या. साहजिकच हा आकडा भाषणांत, अग्रलेखांत, परिषदांत सगळीकडे फिरला. दोनच वर्षांनी त्याच बँकेतून त्याच प्रश्नाचं नवं उत्तर आलं. एकूण २८७ अब्ज, त्यातले विकसनशील देशांचे ९०च्या आसपास.

शेतमालाच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचं धोरण हा माझा शिकवण्याचा आणि संशोधनाचा विषय. दरवर्षी पहिल्या तासाला हे दोन आकडे मी फळ्यावर शेजारीशेजारी लिहिते. मुलांची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: मग खोटं कोण बोललं? खोटं कोणीच बोललं नव्हतं. दरम्यान आकडेवारी नवी आली होती. गरीब देशांना आधीपासून मिळणाऱ्या शुल्कसवलती जुन्या हिशेबात नीट धरलेल्या नव्हत्या, त्या आता धरल्या गेल्या. चीन जागतिक व्यापार संघटनेत आला होता, युरोपीय संघ विस्तारला होता, म्हणजे काही फायदा आधीच पदरात पडला होता आणि तो पुन्हा मोजण्यात अर्थ नव्हता. शिवाय व्यापार वाढला की उत्पादकताही वाढते, हे पहिल्या हिशेबातलं एक उदार गृहीतक दुसऱ्यात बाजूला ठेवलं होतं. ज्यांनी आकडा खाली आणला ते त्याच पठडीतले लोक होते, आणि आपलाच आकडा जाहीरपणे कमी करणाऱ्या विद्याशाखेबद्दल मला आदर आहे.

पण हे दोन आकडे लिहिण्यामागे माझं कारण वेगळं असतं. ८३२ असोत की २८७, दोन्हींत एक गोष्ट दिसत नाही: हे पैसे कोणाच्या घरात जाणार. माझ्या विषयातलं जे संशोधन पुढे खरोखर लोकांच्या कामी आलं, ते बहुतेक वेळा या प्रश्नापाशी थांबलेलं आहे.

असे आकडे बनतात कुठे, हे थोडं सांगायला हवं. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात थॉमस हर्टेल यांनी १९९२ साली जीटॅप हा प्रकल्प सुरू केला. कोणता देश कोणाकडून काय घेतो, त्यावर किती शुल्क लावतो, देशातल्या कोणत्या उद्योगाला कोणता कच्चा माल लागतो, ही सगळी आकडेवारी एका साच्यात बसवून तिथून जगभरच्या संशोधकांना पुरवली जाते. आज या विषयावर प्रबंध लिहिणारा विद्यार्थी कुठल्याही विद्यापीठातला असो, कधी ना कधी जीटॅपच्या दारात जातोच. त्याआधी प्रत्येकजण आपापली आकडेवारी आपापल्या पद्धतीने जमवत असे, त्यामुळे दोन अभ्यासांची तुलनाच करता येत नसे. जीटॅपने सगळ्यांना एकच जमीन दिली.

या साच्यावर चालणाऱ्या गणिती मॉडेलमध्ये एक छोटा आकडा दडलेला असतो. पॉल आर्मिंग्टन यांनी १९६९ साली आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत काम करताना मांडलेली ती कल्पना आहे. एका देशातला गहू आणि दुसऱ्या देशातला गहू गिऱ्हाइकाला तंतोतंत सारखे नसतात. एकाचा भाव वाढला तर गिऱ्हाईक दुसऱ्याकडे किती सहज वळेल, हे सांगणारा हा आकडा. तो मोठा धरला की व्यापार खुला करण्याचा फायदा फुगतो, लहान धरला की आक्रसतो. विद्यार्थ्यांना मी प्रयोगशाळेत एवढंच करायला लावते: बाकी काही हलवू नका, हा एक आकडा बदला आणि मॉडेल पुन्हा चालवा. पडद्यावर अब्जावधी डॉलर वरखाली होताना पाहिले की त्यांच्या चेहऱ्यावर जो बदल होतो, तो चार व्याख्यानांनी होत नाही. मॉडेल निरुपयोगी आहे असं कोणी त्यातून समजू नये. कोणता धक्का कुठल्या दिशेला जाईल, कोणत्या देशाला कोणत्या वाटेने लागेल, हे मॉडेल फार चांगलं दाखवतं. फक्त त्याने दिलेल्या बेरजेला देवाज्ञा समजू नये.

शेतकऱ्याचं नुकसान कुठून होतं, याबद्दलची माझी समज एका जुन्या अभ्यासाने मुळापासून बदलली. अ‍ॅन क्रूगर, मॉरिस शिफ आणि अल्बर्टो वाल्डेस यांनी जागतिक बँकेच्या प्रकल्पात १८ विकसनशील देशांची १९६० ते १९८५ या काळातली धोरणं तपासली. शेतमालावरचे निर्यातकर, सरकारी खरेदी मंडळांनी पाडून ठेवलेले भाव, अशा थेट धोरणांनी शेतकऱ्यावर सरासरी ८ टक्क्यांच्या आसपास कर बसत होता. पण त्याच देशांत कारखानदारीला दिलेलं संरक्षण आणि कृत्रिमरीत्या महाग ठेवलेलं चलन यांमुळे बसणारा अप्रत्यक्ष कर २२ टक्क्यांच्या घरात होता. म्हणजे शेतीखात्याने कितीही सवलती दिल्या तरी शेतकऱ्याचं खरं नुकसान अर्थखात्यात आणि उद्योगखात्यात ठरत होतं, आणि तिथे त्याचं नावही निघत नव्हतं. आबा लर्नर यांनी १९३६ सालीच दाखवून दिलं होतं की आयातीवरचा कर हा शेवटी निर्यातीवरचाच कर असतो. सिद्धांत म्हणून तो प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. तो १८ देशांच्या शेतकऱ्यांच्या नावावर खर्ची पडलेला पाहणं निराळं.

पुढे ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेड विद्यापीठाचे किम अँडरसन यांनी हाच धागा पकडून ७५ देशांची जवळपास अर्ध्या शतकाची मोजणी करवली. त्यातून उभं राहिलेलं चित्र असं: गरीब देश आपल्या शेतकऱ्यांवर कर बसवतात, श्रीमंत देश आपल्या शेतकऱ्यांना पोसतात, आणि एखादा देश जसजसा श्रीमंत होत जातो तसतसा पहिल्या रांगेतून दुसऱ्या रांगेत सरकतो. शेतकरी बहुसंख्य असतो तेव्हा त्याचं ऐकलं जात नाही आणि मूठभर उरतो तेव्हा संसद हलवतो, हे वरवर पाहता उलटं वाटतं. अर्थशास्त्रज्ञ मॅन्कर ओल्सन यांनी त्याचं कारण दिलं आहे. लाखो विखुरलेल्या लोकांना एकत्र येणं परवडत नाही, थोड्यांना परवडतं. शिवाय गरीब देशात शहरी मजुराच्या पगाराचा मोठा हिस्सा अन्नावर जातो. त्यामुळे अन्न स्वस्त ठेवण्यासाठी शहर रस्त्यावर उतरतं.

तर भाव चढला की भलं होतं कोणाचं? अँगस डीटन यांना २०१५ साली नोबेल मिळालं तेव्हा वर्तमानपत्रांत त्यांच्या इतर कामाबद्दल पुष्कळ छापून आलं. माझ्या मनात मात्र १९८९ सालचा त्यांचा थायलंडच्या तांदळावरचा निबंध होता. थायलंड तांदळाचा मोठा निर्यातदार. तिथलं सरकार कित्येक दशकं तांदळाच्या निर्यातीवर कर लावून देशातला भाव खाली ठेवत आलं होतं. तो कर १९८६ साली उठला. प्रश्न असा होता की तांदूळ महागला तर गरिबांचं काय होईल. डीटन यांनी १९८१-८२च्या कुटुंब-पाहणीतली हजारो घरं घेतली आणि प्रत्येक घराला एकच प्रश्न विचारला: तुम्ही विकता तेवढ्या तांदळातून विकत घेता तेवढा वजा केला, तर उरलेली रक्कम तुमच्या एकूण खर्चाच्या किती हिस्सा आहे? उत्तर धन असेल तर चढा भाव तुमचा, ऋण असेल तर तो तुमच्या मुळावर येणार.

त्या निबंधातली आकृती मी अजूनही वर्गात हाताने काढून दाखवते. आडव्या रेषेवर घराचं राहणीमान, डावीकडे सगळ्यात गरीब, उजवीकडे सगळ्यात सुखवस्तू. उभ्या रेषेवर तो हिस्सा. ग्रामीण थायलंडची रेघ डावीकडे थोड्या उंचीवर सुरू होते, मध्ये वर चढते आणि उजवीकडे पुन्हा उतरते. अगदी गरिबाकडे विकायला फारसा तांदूळ नसतो, श्रीमंताचं उत्पन्न दुसरीकडूनच येतं, आणि मधल्या शेतकऱ्याचं घर तांदळावर उभं असतं. म्हणजे चढा भाव खेड्यातल्या सगळ्या थरांना थोडाबहुत देत होता, सगळ्यात जास्त मधल्यांना, आणि घेत होता शहराकडून. स्वस्त तांदळाचं धोरण गरिबांसाठी आहे, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं होतं. आकृतीत दिसत होतं की ते खेड्याच्या खिशातून शहराला दिलेलं अनुदान होतं. या निबंधात समीकरणांचा डोलारा नाही. डीटन यांनी आकडेवारीवर आधीच एखादा आकार लादला नाही, घरं जिथे होती तिथे त्यांना राहू दिलं आणि त्यांच्यामधून रेघ काढली.

थायलंडचं उत्तर दुसरीकडे जसंच्या तसं लागू पडत नाही, हेही लगेच सांगते. जगातल्या बऱ्याच गरीब देशांत खेड्यातली निम्म्याहून अधिक गरीब घरं पिकवतात त्याहून जास्त धान्य विकत घेतात. जमीन तुटपुंजी, सुगीत देणी भागवायला धान्य विकायचं आणि पुढच्या सुगीआधीच्या महिन्यांत तेच चढ्या भावाने परत घ्यायचं. ज्याला आपण सरसकट शेतकरी म्हणतो तो वर्षातले कित्येक महिने गिऱ्हाईक असतो. मारोस इव्हानिक आणि विल मार्टिन यांनी २००८ साली नऊ गरीब देशांच्या पाहण्यांवरून अंदाज बांधला, तो असा की त्या वेळच्या महागाईने गरीब देशांतली सुमारे १०.५ कोटी माणसं दारिद्र्यरेषेखाली ढकलली जातील.

ती २००७-०८ची महागाई माझ्या पिढीच्या संशोधकांना घडवणारी घटना ठरली. जानेवारी २००८ मध्ये थाई तांदूळ टनाला ४०० डॉलरच्या आसपास होता. एप्रिल-मेपर्यंत तो १००० डॉलरला टेकला. जगात तांदळाचं पीक काही बुडालेलं नव्हतं. गहू आणि मका आधीच महागले होते, ते पाहून भारत, व्हिएतनाम आणि इतर काही देशांनी तांदळाची निर्यात रोखली किंवा मर्यादित केली आणि फिलिपिन्ससारखे आयातदार मिळेल त्या भावाला साठा करू लागले. जगात पिकणाऱ्या तांदळापैकी तेव्हा सातएक टक्केच आंतरराष्ट्रीय बाजारात येत होता. एवढ्या उथळ पाण्यात दोन-चार मोठ्या देशांनी पाय टाकला की गढूळ व्हायला वेळ लागत नाही. मार्टिन आणि अँडरसन यांनी नंतर मोजलं. २००६ ते २००८ या काळातल्या तांदळाच्या भाववाढीपैकी ४५ टक्के आणि गव्हाच्या जवळपास ३० टक्के वाढ देशांनी स्वतःला वाचवण्यासाठी केलेल्या धोरणांमुळेच झाली होती. प्रत्येक सरकारचा निर्णय आपल्या लोकांपुरता पाहिला तर समजण्यासारखा होता. सगळ्यांचे मिळून तो भाव झाला, आणि ज्या देशांपाशी रोखायला तांदूळ नव्हता त्यांनी तो भरला.

त्या वर्षीचा एक प्रसंग संशोधनाच्या ताकदीचं उदाहरण म्हणून मला फार मोलाचा वाटतो. दोहाच्या आधीच्या व्यापार-वाटाघाटींतल्या, म्हणजे उरुग्वे फेरीतल्या करारामुळे जपानला दरवर्षी ठरावीक तांदूळ आयात करावाच लागत होता. जपानी गिऱ्हाइकाला तो नको होता, म्हणून त्यातला बराचसा गोदामांत पडून राही. करारामुळे तो अमेरिकेच्या संमतीशिवाय परत बाहेर विकणं अवघड होतं. आयुष्यभर तांदळाच्या बाजाराचा अभ्यास केलेले, हार्वर्डमध्ये प्राध्यापक राहिलेले पीटर टिमर आणि तांदळाच्या व्यापाराचे जाणकार टॉम स्लेटन यांनी मे २००८ मध्ये एक छोटं टिपण लिहिलं: अमेरिकेने संमती द्यावी, जपानने हा साठा खुला करावा, दर उतरेल. काही दिवसांत हालचाल झाली, जपान फिलिपिन्सला तांदूळ देऊ शकेल अशी बातमी बाजारात पोचली आणि भाव घसरू लागले. गोदामातलं पोतं हलण्याआधीच. ही महागाई तुटवड्याची नव्हती, भीतीची होती, हे त्यांना ओळखता आलं, कारण कोणत्या देशाच्या गोदामात कुठल्या करारामुळे काय पडलंय हे त्यांना ठाऊक होतं. असं ज्ञान वर्षानुवर्षं एकाच पिकाच्या मागे राहून येतं. आज विद्यापीठांत अशा माणसांना जागा कमी होत चालल्या आहेत. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९२१ साली निघालेली अन्न संशोधन संस्था १९९६ साली बंद झाली, ही मला नुसती प्रशासकीय बातमी वाटत नाही.

कापसाची गोष्ट निराळ्या कारणासाठी सांगावीशी वाटते. २००२ साली ब्राझीलने अमेरिकेच्या कापूस-अनुदानाविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार नेली. तिथे सिद्ध करायचं होतं की या अनुदानामुळे जगातला कापसाचा भाव दबला. भाव दबला हे म्हणायला सोपं. अनुदान नसतं तर भाव किती असता, हे कोणी पाहिलेलं नाही. ते मॉडेलनेच सांगावं लागतं. ब्राझीलच्या बाजूने ते मॉडेल मांडलं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या डॅनियल सम्नर यांनी. ते स्वतः अमेरिकन, एकेकाळी अमेरिकेच्या कृषी खात्यात वरिष्ठ पदावर राहिलेले. त्यांचा निष्कर्ष असा होता की १९९९ ते २००२ या हंगामांत अनुदान नसतं तर जागतिक भाव सरासरी १२.६ टक्क्यांनी जास्त असता. आकड्यावर घनघोर वाद झाला, पण भाव लक्षणीयरीत्या दबला हे पंचमंडळाने मान्य केलं, आणि २००५ साली अपिलातही ते टिकलं.

त्याच सुमारास पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिनमध्ये निकोलस मिनो आणि लिसा डॅनियल्स यांनी दुसरं टोक मोजलं. डिसेंबर २००० ते मे २००२ या काळात कापसाचा जागतिक भाव जवळपास ४० टक्क्यांनी कोसळला होता. एवढी घसरण शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोचली तर बेनिनच्या खेड्यांत पहिल्याच फेरीत दर शंभरातली आणखी ८ माणसं दारिद्र्यरेषेखाली जातात, असं घराघरांची पाहणी सांगत होती. आणि पुढच्या फेरीत कापूस न पिकवणारेही भरडले जातात, कारण कापूसवाल्याच्या हाती पैसा नसला की गावात बाकी कोणाचंच काही विकलं जात नाही. सम्नर यांचं मॉडेल आणि बेनिनची पाहणी शेजारी ठेवली की एका देशाच्या अर्थसंकल्पातली तरतूद दुसऱ्या खंडातल्या चुलीपर्यंत कोणत्या वाटेने जाते, ती सबंध वाट दिसते. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार देशांनी २००३ साली हा प्रश्न एकत्र येऊन मांडला. बेनिन आणि चाड त्या खटल्यात तिसरे पक्ष म्हणून उभेही राहिले. खटला ब्राझीलचा होता. तडजोडीत २०१० पासून वर्षाला १४.७३ कोटी डॉलर आणि २०१४ साली शेवटचे ३० कोटी डॉलर ब्राझीलच्या कापूस उत्पादकांच्या संस्थेला मिळाले. बेनिनच्या शेतकऱ्याला भरपाई म्हणून काही मिळालं नाही. नियमांत ती सोयच नाही. प्रतिशुल्काची धमकी ज्याच्या तोंडी शोभते, त्याच्याशीच तडजोड होते.

आणि बाजार खुला करण्याने नेहमी भलंच होतं असंही नाही. हैतीने १९९०च्या दशकाच्या मध्यावर बाहेरच्या दबावाखाली तांदळावरचं आयातशुल्क ३ टक्क्यांवर आणलं. अमेरिकेचा अनुदानित तांदूळ आला, शहरात अन्न स्वस्त झालं, आणि आर्तिबोनीत खोऱ्यातली भातशेती मोडून पडली. त्या धोरणाच्या वेळी राष्ट्राध्यक्ष असलेल्या बिल क्लिंटन यांनी २०१० साली सिनेटच्या समितीपुढे ते धोरण चुकीचं होतं असं मान्य केलं. मोडलेली शेती कबुलीने परत उभी राहत नाही. शुल्क कोणत्या क्रमाने, किती वर्षांत उतरवावं, शेत सोडणाऱ्याला दुसरं काम कुठे आहे, हे प्रश्न आधी विचारले गेले नाहीत. विचारायचे ठरवले असते तर उत्तरं देणारी पद्धत तेव्हाही हाताशी होती.

अफलाटॉक्सिनचं प्रकरण मी विद्यार्थ्यांना मुद्दाम वाचायला देते. अफलाटॉक्सिन म्हणजे शेंगदाणा, मका यांवरच्या बुरशीतून येणारं विष. २००१ साली त्सुनेहिरो ओत्सुकी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की युरोपचं नवं कडक प्रमाण आंतरराष्ट्रीय प्रमाणाच्या तुलनेत अब्जामागे वर्षाला जेमतेम १.४ मृत्यू टाळेल, पण त्यापायी आफ्रिकेची धान्य, सुकी फळं आणि कवचफळांची युरोपला होणारी निर्यात ६४ टक्क्यांनी, म्हणजे ६७ कोटी डॉलरनी घटेल. हा निष्कर्ष गाजला, श्रीमंतांच्या ताटातल्या अतिसावधगिरीचं प्रतीक झाला. ११ वर्षांनी बो शिऑंग आणि जॉन बेगिन यांनी, प्रमाण प्रत्यक्ष लागू झाल्यानंतरची आकडेवारी घेऊन शेंगदाण्याचा प्रश्न पुन्हा तपासला. त्यांना त्या प्रमाणाचा म्हणण्यासारखा परिणाम सापडला नाही. आफ्रिकेची निर्यात मुख्यतः देशातल्या उत्पादनाच्या अडचणींनी अडली होती. मला दोन्ही निबंध आवडतात. पहिल्याने अंदाज बांधला तेव्हा प्रमाण लागू व्हायचं होतं, अंदाजाशिवाय गत्यंतर नव्हतं. मात्र दुसरा निबंध पहिल्याइतका कुठे उद्धृत होत नाही, याचं मला वाईट वाटतं. कारण अडचण बाहेरच्या नियमात आहे असं मानलं की वाटाघाटी करणारे जीनिव्हाला, व्यापार संघटनेच्या दारी, जातात, आणि ती वाळवण्याच्या, साठवण्याच्या जागी आहे असं कळलं की पैसा शेतावर खर्च करावा लागतो.

नियमांतला आकडा आणि अर्थशास्त्रातला आकडा यांची फारकत कुठपर्यंत जाते, याचं जपानएवढं स्पष्ट उदाहरण नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या हिशेबात सरकारी भाव आणि १९८६-८८ सालचा गोठवलेला संदर्भ भाव यांतला फरक म्हणजे सरकारने शेतकऱ्याला दिलेला आधार. जपानने तांदळाचा सरकारी भाव रद्द केला आणि १९९७ ते १९९८ या एका वर्षात त्याचा नोंदलेला आधार सुमारे तीन-चतुर्थांशांनी घटला. आयातीवरची भिंत मात्र जागच्या जागी होती, म्हणून शेतकऱ्याला मिळणारा भाव फारसा बदलला नाही. दुसऱ्या बाजूला, भारतासारखा देश गरिबांसाठी धान्य विकत घेतो तेव्हा त्याचा आजचा भाव त्याच जुन्या भावाशी ताडला जातो. मधल्या चार दशकांची महागाई अनुदान म्हणून मोजली जाते. २०१३ साली व्यापार संघटनेच्या बाली परिषदेत यावर तात्पुरता तोडगा निघाला. कायमचा अजून निघालेला नाही. टिम जॉसलिंग यांनी १९७०च्या दशकात शेतकऱ्याला मिळणारा आधार मोजण्याची जी पद्धत घडवली, जी ओईसीडी, म्हणजे मुख्यतः श्रीमंत देशांची संघटना, आजही वापरते, ती चालू वर्षाचाच जागतिक भाव धरते. चांगली पद्धत उपलब्ध असताना करारात वाईट पद्धत का बसली, तर वाटाघाटी करणाऱ्यांना पुढे न हलणारा आकडा हवा होता.

आता माझ्या विषयाची सगळ्यात जिवंत कडा मजुरीची आहे. डीटन यांच्या प्रश्नात भूमिहीन मजूर नुसता गिऱ्हाईक ठरतो, म्हणून चढा भाव त्याचा वैरी. पण भाव टिकून राहिला तर शेतात काम वाढतं, मजुरी वाढते. हॅनन जेकोबी यांनी भारतातल्या जिल्ह्यांच्या आकडेवारीवरून दाखवलं की ज्या जिल्ह्यांतली पिकं जास्त महागली तिथे शेतमजुरीही जास्त वाढली, आणि ती धरली तर गरीब ग्रामीण घरांचाही फायदा झाला. म्हणजे पहिल्या काही महिन्यांचं उत्तर आणि काही वर्षांनंतरचं उत्तर परस्परविरुद्ध असू शकतं. मधल्या महिन्यांत मात्र मूल उपाशी राहतं, आणि त्याला दीर्घकालीन समतोल सांगून भागत नाही.

सीमेवरचा भाव बांधापर्यंत पोचतो का, हा दुसरा प्रश्न. डेव्हिड अ‍ॅटकिन आणि डेव्ह डोनाल्डसन यांनी इथिओपिया आणि नायजेरियात वस्तूंचे भाव गावोगाव ताडून पाहिले. अंतरामुळे वाढणारा व्यापारखर्च तिथे अमेरिकेच्या चार-पाच पट निघाला, आणि बंदरापासून दूरच्या ठिकाणी फायद्याचा मोठा हिस्सा मधले व्यापारीच ठेवून घेतात असं दिसलं. जीनिव्हात दोन टक्के शुल्क कमी करण्यासाठी रात्री जागवणाऱ्यांनी हा निबंध उशाशी ठेवावा असं मला मनापासून वाटतं.

माझी एक विद्यार्थिनी सध्या या दोन प्रश्नांच्या मधोमध उभी आहे. तिची प्रश्नावली मी तपासत होते. बहुतेक पाहण्या वर्षातून एकदा घरी जातात आणि मागच्या हंगामात किती विकलं ते विचारतात. तिने प्रत्येक महिन्याला रकाना दिलाय: या महिन्यात धान्य विकलं की घेतलं, कोणत्या भावाने, आणि मजुरी धान्यात मिळाली की रोख. मजुरी धान्यात मिळत असेल तर भाव चढला तरी त्या घराचं पोट झाकलेलं असतं, पण त्याच वेळी मालक धान्याऐवजी रोख द्यायला लागतो का, हे तिला पाहायचंय. एवढे रकाने म्हणजे बारा वेळा जाणं, बारापट खर्च. निधी देणाऱ्यांनी विचारलंय की सुगीनंतर एकदा आणि सुगीआधी एकदा गेलं तर भागणार नाही का. तिने उत्तरात लिहिलं की रोकडीकडे वळण्याचा महिना कोणता, हेच तर शोधायचं आहे. तो दोन भेटींच्या मध्ये कुठेतरी असणार. मी त्या पत्रावर सही केली आहे.